शून्य रुपयांची निविदा

इसवी सन २००३ च्या मे महिन्यात तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम पुण्यास आले आणि तेथील एका माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या समारंभात, आपण बिल गेट्स यांना भेटलो असता संगणकाच्या सुरक्षिततेवरून मुक्तस्रोत प्रणालींचा विषय कसा निघाला आणि मते भिन्न असल्यामुळे पुढचे संभाषण कसे अवघड होऊन बसले, हे सांगून, शंभर कोटी लोकांच्या या देशाने मुक्तस्रोताचाच आश्रय केला पाहिजे असे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत प्रतिपादन केले. राष्ट्रपतींनी एखादी गोष्ट व्हावी असे म्हटले की ती झालीच असे समजण्याची आपल्याकडे वहिवाट असल्यामुळे श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या असतील आणि मग जो तो आपापल्या विंडोजकडे परतला असेल. त्या भाषणाचा मसुदा कोणत्या प्रणालीवर टंकित झाला होता याची चौकशी करण्याइतके आम्ही खवट नाही. परंतु या गोष्टीस वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही सरकारी कचेरीतला संगणक सुरू केला असता पडद्यावर कोणाचे बोधचिन्ह उगवते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एकदा रांगेत उभे राहावे.

ज्यांना या विषयाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडा तपशील दिला पाहिजे. संगणकाचे यंत्र आणि त्यापुढे बसलेला मनुष्य या दोघांमध्ये एक मध्यस्थ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बाजारातली रूढ सिस्टीम वापरणे म्हणजे कुळाने दुसऱ्याची जमीन कसणे होय: राबायचे आपण, खंड भरायचा आपण, आणि सातबारा पाहावयास मागितला तर तो मालकाच्या तिजोरीत. लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालीत सातबारा, फेरफार आणि नकाशा सगळे चावडीवर टांगलेले असते. हवी तर मोजणी करून घ्यावी, हवा तर बांध हलवावा, अट इतकीच की आपण सुधारलेली जमीन दुसऱ्याच्या हाती दिली तर तीही सगळ्या कागदपत्रांसह द्यावी. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली या उद्योगाची घोषणा केली, आणि १९९१ च्या ऑगस्टात हेलसिंकीच्या लिनस टॉरवॉल्ड्स नामक विद्यार्थ्याने, आपला हा केवळ छंद आहे, यातून फार मोठे काही निघणार नाही, अशा आशयाचे प्रास्ताविक करून लिनक्सची वार्ता जगास दिली. आपल्याकडील कोणत्याही योजनेचा शुभारंभ अशा वाक्याने झाल्याचे आमच्या तरी स्मरणात नाही, आणि योजनांच्या पुढील आयुष्यातील तफावतीचे मूळ कदाचित येथेच असावे.

त्याच १९९१ साली, या वार्तेच्या थोडे आधी, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेत डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला होता. अमेरिकेने आपणास हव्या त्या जातीचा क्रे महासंगणक देण्याचे नाकारले आणि त्या नकाराच्या चिडीतून हा पराक्रम घडला, ही कथा पुणेकर आजही आवडीने सांगतात आणि ती खरी आहे. नकाराने राष्ट्र कर्तृत्ववान होते असा सिद्धान्त यावरून मांडावा, तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाबतीत आपले दुर्दैव असे की, ती आपल्याला देण्याचे कोणी कधी नाकारलेच नाही. तरीही २००७ साली याच सी-डॅकने डेबियन या लिनक्सच्या पायावर 'भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स' उभी केली आणि तिला 'बॉस' हे लघुनाम दिले. कचेरीत बॉस येणार ही बातमी कोणासच सुखावह वाटत नाही, एवढे नामकरण करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. पुढील आवृत्त्यांची बारशी मात्र यथासांग झाली. अनोखा झाली, अनूप झाली, दृष्टी झाली, उन्नती झाली. मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय तीत झाली. आणि इतकी गोंडस नावे असूनही ती कोणाच्या घरी फारशी नांदावयास गेली नाही.

पुढे २०१५ च्या मार्च महिन्यात केंद्र सरकारने मुक्तस्रोत प्रणालींच्या अंगीकाराचे रीतसर धोरणच जाहीर केले. शासकीय ई-प्रशासनात मुक्तस्रोतास प्राधान्य द्यावे, पुरवठादारांकडून प्रस्ताव मागविताना त्याचा विचार करण्याची अट घालावी, आणि जो पुरवठादार त्यास वगळील त्याने आपल्या प्रस्तावात कारणे नमूद करावीत, असा त्याचा मथितार्थ आहे. धोरण उत्तम आहे आणि आम्ही हे उपरोधाने म्हणत नाही. परंतु ज्यांचे आयुष्य परिपत्रकांच्या सहवासात गेले आहे त्यांना ठाऊक असते की, परिपत्रक वाचण्यास आरंभ शेवटून करावयाचा असतो, कारण अपवाद तेथे असतात. या धोरणातही विशेष किंवा तातडीची गरज असल्यास, अथवा तज्ज्ञ मनुष्यबळ उपलब्ध नसल्यास, अपवाद करण्याची मुभा ठेवली होती. आता आपल्या देशात असे एकही शासकीय काम नाही की जे एकतर कित्येक वर्षे पडून नसते किंवा एकाएकी तातडीचे झालेले नसते. पडून असते तेव्हा प्रणालीची आवश्यकता नसते आणि तातडीचे होते तेव्हा अपवाद लागू होतो.

तथापि मुख्य अडथळा निराळाच आहे आणि तो आम्ही जवळून पाहिला आहे. एका कचेरीत (तिचे नाव, जिल्हा आणि खाते आम्ही सांगणार नाही, कारण तेथे आमचे एक प्रकरण अद्याप विचाराधीन आहे) नव्याने रुजू झालेल्या एका तरुण अधिकाऱ्याच्या मनात आले की, नव्या संगणकांवर उबुंटू हे लिनक्स घालावे आणि परवान्यांचा खर्च वाचवावा. त्याने अव्वल कारकुनास बोलावून टिप्पणी ठेवण्यास सांगितले. अव्वल कारकून चाकरीच्या शेवटच्या टप्प्यात होते आणि अशा गृहस्थांस कोणतीही नवी कल्पना सहसा दचकवीत नाही. ती कोणत्या लेखाशीर्षात बसते एवढेच ते पाहतात.

"साहेब, खरेदी किती रुपयांची धरू?"

"खरेदी नाहीच, भाऊसाहेब. ते फुकट असतं."

"फुकट म्हणजे देणगी. देणगी स्वीकारायला वरची मंजुरी लागते."

"अहो, देणगी नाही. कुणीही उतरवून घ्यावं."

"कुणीही म्हणजे बेवारस," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "बेवारस जिन्नस कचेरीत आणायचा नियम आहे का, बघावं लागेल. बरं, तीन दरपत्रकं तरी मिळतील ना?"

"तिघांचाही दर शून्यच येईल हो!"

"तेच म्हणतो मी. तिघांचा दर सारखा आला की लेखापरीक्षक म्हणणार, संगनमत झालं."

अधिकारी क्षणभर निरुत्तर झाला. मग भाऊसाहेबांनी चष्मा पुसून अखेरचा प्रश्न विचारला, आणि आमच्या मते या साऱ्या विषयातील तोच खरा प्रश्न होय. "आणि साहेब, बिघडलं तर पत्र कुणाच्या नावानं लिहायचं?"

जगभरचे स्वयंसेवक तत्परतेने साहाय्य करतात, हे उत्तर अधिकाऱ्याने दिले आणि ते असत्य नव्हते; परंतु ज्याचा पत्ता नाही, ज्याची अनामत रक्कम जप्त करता येत नाही आणि ज्यास कारणे दाखवा नोटीस बजावता येत नाही, असा स्वयंसेवक शासनाच्या काय उपयोगाचा? सरकारी मनुष्य यंत्राबरोबर वस्तुतः दोषाचे ठिकाण विकत घेत असतो. यंत्र बंद पडणे हे त्याच्या लेखी संकट नव्हे, ते नित्याचेच आहे. यंत्र बंद पडले असता ज्याकडे बोट दाखवावे असा पुरवठादार नसणे, हे संकट. मुक्तस्रोताचे प्रचारक गेली कित्येक वर्षे किमतीचे गणित मांडीत आहेत आणि त्या गणितात कारकुनाच्या या भीतीचा रकानाच नाही. वस्तुतः या भीतीवर उपाय आहे. पैसे घेऊन लिनक्सची जबाबदारी पत्करणाऱ्या कंपन्या जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी रेड हॅट ही कंपनी आयबीएमने २०१९ साली ३४०० कोटी डॉलर मोजून विकत घेतली, म्हणजे फुकटाच्या धंद्याची एवढी किंमत येऊ शकते. भाऊसाहेबांस प्रथमच हे सांगितले असते आणि बिलाची प्रत दाखविली असती, तर त्यांनी त्याच दिवशी टिप्पणी ठेवली असती अशी आमची खात्री आहे.

खाजगी घरांत आणि दुकानांत स्थिती निराळी असली तरी निकाल तोच लागतो. लिनक्सची स्पर्धा हजारो रुपयांच्या विंडोजशी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कोपऱ्यावरच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसावे. तेथील पोऱ्या यंत्राबरोबर विंडोज, ऑफिस, फोटोशॉप आणि मराठी टंक, इतका सारा ऐवज चहा निवायच्या आत घालून देतो आणि मोबदल्यात केवळ आपली मजुरी घेतो. कंपनीचा यात संबंध येतो तो पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली उमटणाऱ्या, आपले विंडोज कृपया सक्रिय करावे अशा आशयाच्या फिकट अक्षरांपुरता. ही अक्षरे आम्ही दवाखान्यांत पाहिली आहेत, लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे पाहिली आहेत, आणि चौर्य हे पाप आहे असे प्रवचन टंकित होत असलेल्या पडद्यावरही पाहिली आहेत. एक फुकट कायद्याने मिळणारे आणि दुसरे फुकट कायदा मोडून मिळणारे, अशी निवड असता मनुष्य परिचयाचे फुकट पसंत करतो. खुद्द बिल गेट्स यांनी १९९८ साली चीनविषयी बोलताना, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे, एकदा चटक लागली की वसुलीचा मार्ग पुढे सापडेल, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. व्यापारी माणसाचे द्रष्टेपण म्हणतात ते हे!

चटक लावण्याचे काम आपण स्वखर्चाने केले, हे मात्र त्यांच्याही कल्पनेबाहेरचे असेल. महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला, पुढे सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले, आणि तालुक्यातालुक्यांत त्याची केंद्रे निघाली. या अभ्यासक्रमाने लाखो माणसांची यंत्राविषयीची भीती घालविली, हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यातील संगणक म्हणजे विंडोज आणि पत्रलेखन म्हणजे वर्ड असल्यामुळे, उत्तीर्ण झालेल्या पिढीच्या लेखी स्टार्टचे बटण नसलेला संगणक हा संगणकच राहिला नाही. त्या काळातील विंडोजच्या पडद्यावरची ती हिरवीगार टेकडी वाचकांस आठवत असेल. निळे आभाळ, पांढरे ढग आणि खाली गवताने मखमली झालेला उतार असे ते चित्र चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियात टिपले होते, आणि कित्येक वर्षे ते महाराष्ट्राच्या हरेक कचेरीत तेवत राहिले. महाबळेश्वरच्या पायथ्याशी बसलेला कारकून खिडकीबाहेरच्या सह्याद्रीकडे पाठ करून दिवसभर कॅलिफोर्नियाची टेकडी पाहत बसे. त्या टेकडीवर आता द्राक्षांचे मळे आहेत म्हणतात. नाशिककरांनी यातून काय बोध घ्यावयाचा तो घ्यावा.

व्यापाऱ्याची अडचण अधिक सरळ आहे. तो पंथ बदलील, दुकानाची दिशा वास्तुशास्त्राप्रमाणे फिरवील, परंतु टॅली सोडणार नाही. आणि बंगळुरात घडलेली ती हिशेबाची वही विंडोजच्याच घरात सुखाने राहते. त्याच्या मागे त्याचा चार्टर्ड अकाउंटंट उभा असतो, त्याच्यामागे डिजिटल सहीची ती इवलीशी डोंगल असते, आणि विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेस रात्री अकरा वाजता ती डोंगल लिनक्सने ओळखली नाही तर स्वातंत्र्याच्या तत्त्वज्ञानाने दंड माफ होत नाही. मुद्रणालयांत श्रीलिपीचे आणि कोरलड्रॉचे राज्य आहे. जुन्या मराठी टंकांत जतन केलेली आपली दप्तरे तर अशी विलक्षण आहेत की, तो विशिष्ट टंक नसलेल्या यंत्रावर ती उघडली असता जमिनीच्या खटल्याचा निकाल कुत्र्याने टंकयंत्रावरून चालून जावे तसा दिसतो. युनिकोड आले, लोहितसारखे मुक्त टंक आले, इन्स्क्रिप्टचा कळफलक लिनक्सवरही तसाच चालतो. पण हाताला रेमिंग्टनची सवय झालेला टंकलेखक निवृत्त होईपर्यंत थांबावे असा या प्रश्नावरील सर्वमान्य तोडगा दिसतो.

हे सारे अटळ आहे असे मानून आम्ही स्वस्थ बसलो असतो. परंतु केरळने पंचाईत केली. त्या राज्यात शाळांसाठी संगणकाचा अभ्यासक्रम निघाला तेव्हा तो एकाच कंपनीच्या वस्तूंभोवती फिरतो अशी हरकत शिक्षकांकडूनच घेतली गेली. पगार, बदली आणि निवडणुकीचे काम यांखेरीज अन्य विषयावर शिक्षकांनी हरकत घेणे, ही गोष्ट आमच्या वाचकांस अतिशयोक्तीची वाटेल. परंतु तेथील शासनाने ती मानली, आधी शिक्षकांस लिनक्स शिकविले, मग शाळांतील यंत्रे बदलली आणि दहावीच्या परीक्षेतील माहिती-तंत्रज्ञानाचा विषय मुक्तस्रोतावर आणला. २०१९ साली, दोन लाखांवर संगणकांत आपली नवी आवृत्ती बसवून ३००० कोटी रुपये वाचतील, असे तेथील यंत्रणेने जाहीर केले. आकड्याविषयी ज्यास शंका असेल त्याने घ्यावी. त्या राज्यातील विद्यार्थ्यास लिनक्स म्हणजे निराळे काही आहे असे वाटतच नाही, हे आम्हास आकड्याहून मोठे वाटते. यश कायम टिकते असा मात्र याचा अर्थ नाही. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ साली लिनक्सचा मार्ग धरण्याचे ठरविले तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर बर्फावरची आपली सहल सोडून महापौरांची समजूत घालण्यास धावले आणि विन्मुख परतले. हजारो यंत्रे बदलली गेली, वर्षे गेली, महापौर बदलले, आणि २०१७ साली त्याच पालिकेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. सत्ताधारी बदलले की पाट्या बदलतात, हा केवळ आपलाच रोग नाही, एवढे समाधान यातून मिळण्यासारखे आहे.

प्रचारकांविषयीही एक शब्द लिहिणे भाग आहे, कारण या कार्याचे जेवढे नुकसान विरोधकांनी केले असेल त्याहून थोडे अधिक त्याच्या भक्तांनी केले आहे. आपणास लिनक्स घ्यावयाचे आहे असे कोणी चुकून बोलून गेला की त्याच्याभोवती मंडळी जमतात. एक उबुंटू सांगतो. त्यास डेबियनवाला हसतो. फेडोरावाला दोघांची कीव करतो. आणि कोपऱ्यात बसलेला, आपण आर्च वापरतो हे सांगण्याची संधी शोधत असलेला दाढीवाला तरुण, ती संधी मिळताच दुसरे काही बोलू देत नाही. नवशिक्याने छापयंत्र चालत नाही अशी तक्रार केली, तर त्याच्यापुढे काळी खिडकी उघडून इंग्रजी आज्ञांच्या सात ओळी फेकण्यात येतात आणि यात अवघड ते काय असा प्रश्न विचारण्यात येतो. बिचाऱ्यास स्वातंत्र्य नको असते, त्यास मुलीच्या शाळेतील प्रकल्पाचा कागद हवा असतो.

मौज अशी की, ज्या लिनक्सला दारात घेण्यावरून इतका खल चालला आहे ते केव्हाच खिडकीतून आत आले आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांची यादी निघते ती सगळीच्या सगळी लिनक्सवर चालणारी असते. भाऊसाहेबांच्या सदऱ्याच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सच आहे, आणि ज्या हाताने त्यांनी शून्य रुपयांच्या निविदेवर 'पाहिले, दप्तरी दाखल' असा शेरा मारला, त्याच हाताने ते नातवाचा फोटो नातेवाइकांस पाठवितात. २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने उबुंटूच्या पायावर 'माया' नावाची प्रणाली आपल्या संगणकांवर बसविण्यास आरंभ केला आणि तिच्या रक्षणास 'चक्रव्यूह' ठेवला. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या आपल्याकडे परंपरेने आहे. बाहेर पडण्याचे प्रशिक्षण कोणत्या तिमाहीत ठेवले आहे, ते कळले नाही.

अलीकडे नवी संधी चालून आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा पाठिंबा कंपनीने थांबविला, आणि जी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत ती धडधाकट असूनही एका रात्रीत म्हातारी ठरली. अशा यंत्रांवर लिनक्स उत्तम चालते, हे सांगण्यास आमचा तो तरुण अधिकारी पुन्हा भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेला. भाऊसाहेब निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीत त्यांच्याच हाताखाली तयार झालेले गृहस्थ बसले होते आणि त्यांच्यापुढे संगणकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव होता. सारे बोलणे त्यांनी आदराने ऐकून घेतले. मग हळूच म्हणाले, "साहेब, तुमची ती सिस्टीम घालून यंत्रं चालू होतील, हे मला पटतंय. पण चालू झाली, तर नवीन कशाच्या जोरावर मागायची?"